डर्ट बाईकचं अॅल्युमिनियम: कॉस्टिकने धुवायचं की नाही?

चिखलवाट
पाऊस सुरू झाला की नागपुरात हा प्रश्न येतोच. हिंगण्याकडच्या शेतरस्त्यांवर गाडी घातली की काळी माती इंजिन कव्हरवर, हबवर बसते आणि गरम इंजिनावर वाळून टणक होते. मग वॉशिंगवाला कॉस्टिकचं (कॉस्टिक सोडा, जहाल अल्कली) पाणी मारतो, नाहीतर कोणी घरचा टॉयलेट क्लीनर, म्हणजे बहुतेक वेळा अॅसिडच, ओततो. गाडी चमकते, सगळे खूश.

माझं म्हणणं, दोन्ही बंद करा. अॅल्युमिनियमला वाचवतो तो वरचा ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो साधारण ४ ते ९ पीएचमध्येच टिकतो (७ च्या खाली अॅसिड, वर अल्कली). कॉस्टिक तो थर विरघळवतं आणि खालच्या धातूला लागतं. कव्हरवर बारीक बुडबुडे दिसतात ना, तो हायड्रोजन. म्हणजे मळ नाही, धातू निघून राहिला. अॅनोडाइझ केलेल्या (विजेने ऑक्साइडचा थर जाड करून रंगवलेल्या) रिमचा रंग एकदा उडाला की घासून परत येत नाही. शाम्पू, मऊ ब्रश, भरपूर पाणी, बस.

सर्व्हिसिंगवाला_मानेवाडा
भाऊ, शाम्पूने माती निघते, चेनचं वंगण नाही निघत. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) कव्हरमागे तेल-मातीचा जो गोळा होतो, तो कधी खरवडून पाहिला का? तिथे डिग्रीझर (तेल-ग्रीस काढायचं रसायन) लागतोच. आणि सगळे अल्कलाइन डिग्रीझर एका माळेचे मणी नाहीत. काहींत सिलिकेट असतं, ते अॅल्युमिनियमची झीज रोखतं. डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी घाला, इंजिन थंड झाल्यावर मारा, वाळायच्या आत धुवा. काही होत नाही.

चिखलवाट
डब्यावर 'अॅल्युमिनियमसाठी सुरक्षित' असं छापलं असेल तर माझी हरकत नाही, दादा. पण डबा दिसतो कुठे? बिनलेबलचा कॅन असतो. आत काय आहे ते मारणाऱ्या पोरालाही माहीत नसतं, आणि त्याच्या हातात ग्लोव्हजही नसतात. मला गाडीइतकीच त्या पोराची काळजी वाटते. गोळा लाकडी पट्टीने काढा, उरलेल्यावर केरोसीन लावून पुसा, मग शाम्पू. ब्रेक डिस्कवर मात्र थेंब जाऊ देऊ नका.

रामटेक_ट्रेल्स
काहून एवढं घाबरता राजेहो? मी भांड्याची वडी आन् तारेची घासणी वापरतो. मस्त निघते गाडी.

जुनी_केएक्स
वडी नको भाऊ. तिच्यात बहुधा धुण्याचा सोडा आणि खरखरीत पूड असते. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं की आतून काळं पडतं, तोच प्रकार. स्टीलच्या तारेचे कण धातूत रुततात आणि पुढे तिथेच गंजाचे ठिपके येतात. नायलॉनचा ब्रश घ्या.

पण चिखलवाट, अॅसिड सरसकट वाईट हे मला पटत नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग शाम्पूने जात नाहीत. उघड्या अॅल्युमिनियमवर पाणी घातलेलं व्हिनेगर फडक्याने लावा आणि लगेच धुवा, चालतं. मॅग्नेशियमचं कव्हर असेल तर मात्र हात लावू नका. ते अॅसिडने फार लवकर खराब होतं.

सर्व्हिसिंगवाला_मानेवाडा
कॅनची गोष्ट मान्य. लेबल नसलेलं काही मारू देऊ नका, हे मीही गिऱ्हाइकाला सांगतो. पण चिखलवाट, अंगणात केरोसीनने धुतलेलं ते पाणी जातं कुठे? नालीतच ना? आमच्याकडे निदान तेल वेगळं काढायचा खड्डा आहे.

चिखलवाट
केरोसीन ओतत नाही, फडक्याला लावतो. खाली पत्र्याचा ट्रे असतो. ट्रेमधलं जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात जातं, आणि तो डबा ऑइल बदलायला जातो तेव्हा गॅरेजला देतो. बिनलेबलच्या कॅनपेक्षा मला हेच बरं वाटतं.