८ मार्चला इराणवर बोलायचंय, उडुपीचं काय करू?

खानापूरकरीण
आमच्या वाचनालयाच्या महिला शाखेत ८ मार्चला मला थोडा वेळ बोलायचंय. विषय मीच मागून घेतला, इराणमधल्या बायकांचा हिजाबसक्तीविरुद्धचा लढा. तयारीला बसल्यापासून घरात रोज वाद. दीर म्हणतात, "तिकडं हिजाब जाळतात आणि इकडं घालायला द्या म्हणून कोर्टात जातात, एवढंच बोल, टाळ्या पडतात बघ." पडतीलही. पण माझ्या मुलीची शिकवणी घेणाऱ्या बाई समोरच बसलेल्या असणार. २०२२ मध्ये उडुपीच्या कॉलेजात हिजाबवरून वाद पेटला आणि कर्नाटकातल्या वर्गांत हिजाब बंद झाला, तेव्हा त्यांची पोरगी पीयूसीला (अकरावी-बारावीला) होती. कॉलेजच्या अलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरायची, टाचण्या ओठात धरून स्कार्फ सोडवायची, घडी करून पुस्तकात घालायची आणि केस चापूनचोपून आत जायची. मी तिथंच रिक्षाची वाट बघत असायची. आता तिच्या आईसमोर दिरांचं वाक्य कसं म्हणू? की उडुपीचं नावच काढू नको?

टिळकवाडी वकील
नाव काढा. तुम्ही टाळलंत तरी प्रश्न येणारच. वर्गात ठरलेला गणवेशच घालायचा हा कर्नाटक सरकारचा आदेश ५ फेब्रुवारी २०२२ चा, हायकोर्टानं तो १५ मार्चला उचलून धरला. सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबरला दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. न्या. हेमंत गुप्तांनी अपिलं फेटाळली, न्या. सुधांशू धुलियांनी आदेश रद्द ठरवला. ही सुनावणी चालू असतानाच, १६ सप्टेंबरला, तेहरानमध्ये २२ वर्षांची महसा अमिनी गेली. डोक्यावरचं नीट नाही म्हणून पोलिसांनी तिला धरून नेलं होतं. मात्र दोन्ही सारखंच असं म्हणू नका. इथला वाद वर्गातल्या गणवेशाचा होता, तिथं घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईला कायदा लागू.

निपाणीची मास्तरीण
वहिनी, मी मुसलमान, डोकं झाकते आणि मराठी शाळेत शिकवते, म्हणून जरा लांबवते. दिरांना १९३६ साल विचारा. इराणचा राजा रझा शहा, त्यानं त्या वर्षी पडद्यावरच बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या चादरी, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची वस्त्रं, ओढून काढत. कित्येकींनी मग घराबाहेर पडणंच सोडलं. त्या साली पंधरा वर्षांची असलेली पोरगी १९७९ ला साठीला टेकली असेल. तेव्हा शहाला हटवून सत्तेवर आलेले धर्मगुरू खोमेनी म्हणाले, सरकारी कचेऱ्यांत बायकांनी डोकं झाकूनच यायचं. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका. तुमच्या भाषणाची तारीख आयतीच मिळाली की! यांतल्याच काही आधी रझा शहाच्या मुलाच्या, म्हणजे तेव्हाच्या शहाच्या, विरोधात मुद्दाम चादर घेऊन मोर्च्यात चाललेल्या. सरकारनं तेव्हा जरा माघार घेतली, पण १९८३ पर्यंत कायदा झाला, डोकं उघडं दिसलं तर ७४ फटके. पोरीच्या डोक्यावरून चादर ओढणारा पोलीस आणि म्हातारीच्या डोक्यावर ती ठेवायला लावणारा पोलीस, दोघं एकाच बाईनं बघितले.

आणि विदा मोवाहेदचं सांगाच. २०१७ च्या डिसेंबरात ती हिजाबसक्तीविरुद्ध तेहरानच्या एन्गेलाब रस्त्यावरच्या वायरींच्या पेटीवर चढली, पांढरा स्कार्फ काठीला बांधून गप्प उभी राहिली. घोषणा नाही, काही नाही. तिचं बघून बाकीच्याही चढायला लागल्या, तेव्हा सरकारनं काय करावं? पेट्यांवर तिरके पत्रे बसवले, पाय ठरू नये म्हणून! मला तर ह्याचंच हसू येतं आणि रागही.

सीमावासी
सक्ती काय असते ते बेळगाववाल्यांना इराणनं शिकवायला नको. १९८६ ची कन्नडसक्ती आठवा. भाषणात घ्या.

निपाणीची मास्तरीण
दादा, ते १ नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाला घेऊ की. ८ मार्च बायकांना राहू द्या.

नाव नको
मास्तरीणबाई, तुम्ही स्वतःच्या मनानं झाकता, चांगलं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीत पोलीस लागत नाही, चुलत सासरे चौकात बसलेले असतात. कोर्टानं वर्गात काढायला लावला तेव्हा ह्याच लोकांनी नणंदेचं कॉलेज बंद केलं. बंदीनं तिला मोकळं कुठं केलं, घरी बसवलं. हेही बोला, पण माझं गाव सांगू नका.

निपाणीची मास्तरीण
बरोबर आहे तुमचं. माझ्यावर अब्बांनी जबरदस्ती केली नाही, हे माझं नशीब. सगळ्यांचं तसं नसतं.

खानापूरकरीण
वकीलसाहेब, कोर्टाच्या तारखा कागदावर ठेवते, कुणी विचारलं तरच काढीन. १९३६ पासून सुरू करते, मग १९७९, मग त्या पेट्या, आणि नणंदेचं कॉलेज शेवटी, गावाचं नाव न घेता. शिकवणीच्या बाईंना काल विचारलं, तुम्हीही थोडं बोलाल का. म्हणाल्या, "आधी तुम्ही काय बोलता ते ऐकते, मग ठरवते." दिरांनाही बोलावलंय, मागं बसतील. त्या तिरक्या पत्र्यांचा मोठा फोटो कुणाकडं असेल तर पाठवा. प्रोजेक्टर आहे, लाइट राहिली म्हणजे झालं.