भाऊ गोळी टाळतोय, ताटही वेगळं घेतो. काय करू?

मी सोलापूरच्या अशोक चौकाकडचा. धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. पाच महिन्यांपूर्वी एचआयव्ही निघाला. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू केली, पण रात्रीची गोळी आता टाळतो. म्हणतो, झोपच येत नाही. शेंगाचटणी-भाकरीचं ताटसुद्धा वेगळं घेतो. आईला माहीत नाही, सांगू का?

विडीवाली मावशी: आईला तू सांगू नकोस, ते त्याचं त्यानं ठरवायचं. २०१७ च्या कायद्यानं त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. मी तेरा वर्षं गोळी खाते अन् रोज विड्या वळते. माझ्या जावेनं माझा तांब्या वेगळा ठेवला होता, ते अजून सलतं. एका ताटात जेवून हा आजार होत नाही रे! गोळी सोडली की विषाणू वाढतो, पुढं औषधाला दादही देत नाही. नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडेनासा झाला अन् तसाच राहिला, तर संबंधातूनही लागण होत नाही. माझा नवरा निगेटिव्हच आहे.

समुपदेशक: गोळीत डोल्युटेग्राविर हे औषध असेल तर काहींची झोप उडते. डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येईल, स्वतःहून बंद नको. मनावर ओझं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, एचआयव्हीसाठी हेल्पलाइन १०९७. दोन्ही मोफत.

प्रश्नकर्ता: मावशी, काल त्याच्याच ताटात जेवायला बसलो. आधी चिडला, मग निम्मी भाकरी माझ्याकडं सरकवली. सोमवारी दोघं सिव्हिलला जातोय.