मदत हवी आहे: स्लॅबवर सेकंड दर्जाचे पीआयआर (कडक उष्णतारोधक फोमचे) बोर्ड, वाकलेल्यांचं काय करावं?

आरसीसी स्लॅबवर १०० मिमी इन्सुलेशन, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि ५० मिमी जाळीचा स्क्रीड (सिमेंट-वाळूचा सपाट थर) असा बेत आहे. त्यासाठी ५० मिमीचे, दोन्ही बाजूंना फॉइल असलेले फॅक्टरी सेकंड बोर्ड आणलेत. जाडी ४७ ते ५२ मिमी भरते. चारही कोपरे आणि मध्य मोजून जाडीप्रमाणे गठ्ठे लावलेत. एक बोर्ड कापून पाहिला, आत पोकळी नाही. फॉइल सुटलेले बाजूला काढलेत, कारण तिथून आतला वायू निघून जातो आणि रोधकता घटते. लेबल नसल्याने हिशेब उष्णतावाहकता ०.०२२ ऐवजी ०.०२५ वॅट/मीटर-केल्विन धरून केलाय. म्हणजे दोन थरांचा मिळून आर (उष्णतारोध) साधारण ४. दाराच्या उंबऱ्यामुळे तिसरा थर शक्य नाही. दोन थरांचे सांधे एकावर एक येणार नाहीत, फटींत कमी फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि वर अॅल्युमिनियम टेप.

खरी अडचण वाकलेल्या बोर्डांची: मधोमध ८-१० मिमी उचल. वजन ठेवलं की बसतात, काढलं की पुन्हा उठतात. खाली पोकळी राहिली तर स्क्रीड तडकेल. अंतर्वक्र बाजूला अर्ध्या जाडीपर्यंत काप देऊन, टेप मारून, पीयू अॅडेसिव्हने खालच्या थरात चिकटवले तर सपाट राहतील का, आणि काप किती अंतरावर घ्यावेत?