गादी तिथे जाऊनच घ्या

हॉस्टेलला जाणाऱ्या मुलांच्या सामानाच्या या चर्चेत ‘गादी घरूनच न्या, तिकडे महाग पडते’ असं वर दोघांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. लेकीला हॉस्टेलवर सोडायला गेलो तेव्हा आम्ही मारे घरची साडेतीन फुटी गादी टेम्पोत टाकून नेली. खोलीतला लोखंडी पलंग निघाला जेमतेम अडीच फूट रुंद! गादीची एक कड वर्षभर भिंतीवर चढलेली होती. आधी माप घ्या, नाहीतर सरळ गेटासमोरच्या दुकानातून घ्या. तिथल्या दुकानदाराला त्या पलंगाचं माप तोंडपाठ असतं. बादली-मग्याचंही तेच. कपाटाला कुलूप मात्र घरून न्या, आणि दुसरी किल्ली मुलाकडे नको, तुमच्याकडे ठेवा.

सामानाच्या नादात इथे एक गोष्ट राहूनच गेली, रॅगिंगविरोधी हमीपत्र. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या नियमांनुसार ते विद्यार्थी आणि पालक दोघांनीही द्यायचं असतं, तेही दरवर्षी. अर्ज ऑनलाइन भरला की ईमेलवर नोंदणी क्रमांक येतो. त्याची प्रिंट घरीच काढून ठेवा. आम्ही काढली नव्हती, म्हणून ऑफिसच्या खिडकीवरून परत फिरून झेरॉक्सच्या रांगेत पाऊण तास उभे होतो, आणि टेम्पोवाल्याचं वेटिंग चालू! 1800-180-5522 हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइन नंबरही मुलांच्या फोनमध्ये आपणच सेव्ह करून द्यावा, ती स्वतःहून करत नाहीत.