मुलगा अठराचा झाला, पोटगी संपली: हे बरोबर आहे का?

पानसुपारी (धागाकर्ता)

आईवडील विभक्त झाले की मुलांच्या पोटगीचा हिशेब लोक एका वाक्यात मिटवतात: अठरा पूर्ण, विषय संपला. हे अर्धंच खरं आहे, आणि जेवढं खरं आहे तेवढं अन्यायाचं आहे, असं माझं मत. म्हणून हा धागा.

आधी कायदा काय म्हणतो ते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) सज्ञान (अठरा पूर्ण झालेल्या) अपत्याला पोटगी देतं ते शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा दुखापतीमुळे त्याला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर. विवाहित मुलगी त्यातून वगळलेली आहे. दुसरीकडे हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. त्याच्या कलम २० प्रमाणे अपत्याचा हक्क ते अज्ञान (अठराखालचं) असेपर्यंत. पण अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करता येत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही तो टिकतो.

म्हणजे एकाच घरात वीस वर्षांच्या बहिणीची पोटगी चालू आणि अठराच्या भावाची बंद. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात होते आणि बहुतेक मुलं त्याच्याच आगेमागे सज्ञान होतात. कॉलेजची पहिली मोठी फी आणि पोटगीचा शेवटचा हप्ता हातात हात घालून येतात. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात मुलाचा खर्च अठरापर्यंत नव्हे, तर पहिली पदवी मिळेपर्यंत द्यायला वडिलांना सांगितलं. हाच नियम सर्वांना का नको?

रोखठोक

नको, कारण तो नियम नाही. त्या दोन पक्षांची परिस्थिती पाहून दिलेला आदेश आहे. त्यानं कलमातला एक शब्दही बदलला नाही.

आणि ‘पहिली पदवी’ म्हणजे नेमकं काय? तीन वर्षांची बीए, की नव्या धोरणातली चार वर्षांची ऑनर्स? बारावीनंतरची पाच वर्षांची लॉ? एमबीबीएस म्हटलं तर साडेचार वर्षं आणि वर भर म्हणून वर्षाची इंटर्नशिप. नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतलं तर ते वर्ष कुणाच्या खात्यावर? एटीकेटी लागून वर्ष गेलं तर? अठरा ही तारीख जन्मदाखल्यावर असते, तिच्यावर वाद घालता येत नाही. पदवीवर मात्र दर जूनमध्ये नवा अर्ज पडेल.

मुख्य मुद्दा वेगळाच. एकत्र राहणाऱ्या बापानं एकोणीस वर्षांच्या मुलाची फी भरली नाही, तर ह्या कलमांखाली त्याला कोर्टात खेचता येत नाही. मग केवळ संसार मोडला म्हणून दुसऱ्या बापावर जास्तीचं ओझं का?

पानसुपारी

एकत्र घरात फी कोण भरणार हे रात्रीच्या जेवणाला ठरतं. आजी मध्ये पडते, काका मध्ये पडतो. विभक्त घरात ते सगळं संपलेलं असतं, उरतो तो फक्त कोर्टाचा कागद. म्हणून तो कागद अठरावर फाटू नये.

वहीखातं

दोघांचं भांडण तत्त्वाचं आहे. प्रत्यक्षात घोळ होतो तो संमतीच्या अटींमध्ये, त्याबद्दल लिहितो.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात हमखास दिसणारं वाक्य: ‘मुलाच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च वडील करतील.’ वाचायला उदार, वसुलीला निकामी. ‘शिक्षण’ कुठपर्यंत? हॉस्टेल आणि मेस त्यात की निर्वाहात? लॅपटॉप? क्लास? व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश वडिलांना न विचारता घेतला तर? रक्कमच लिहिलेली नसते, मग वसुलीच्या अर्जात आकडा टाकायचा कुठून? आधी तो आकडा सिद्ध करण्यात वर्ष जातं.

अट अशी हवी: ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २३ वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी घडेल तोवर, दरमहा अमुक रुपये मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात, शिवाय प्रवेशपत्र आणि फीची मागणी मिळाल्यापासून १५ दिवसांत फी थेट संस्थेकडे, वार्षिक कमाल अमुक रुपये. हॉस्टेल ह्या मर्यादेत धरलेलं आहे. ड्रॉपचं एकच वर्ष मान्य.’ रोखठोक यांच्या निम्म्या शंका इथेच मिटतात. पदवी सैल असेल, पण तिला वयाचा खिळा ठोकता येतो. मेडिकलकडे जाणारं मूल असेल तर २३ ऐवजी २५ लिहा.

रकमेत दरवर्षी ठरावीक वाढ लिहायला विसरू नका. सहा वर्षांच्या मुलासाठी ठरलेले ६,००० रुपये तो सतराचा झाला तरी तेवढेच राहिलेले असतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘कोर्टानं कमी दिले.’

रोखठोक

ही अट मला मान्य आहे, कारण ती दोघांनी कबूल केलेली आहे. माझा विरोध लादण्याला आहे. पण एक सांगा, बापाची नोकरी गेली तर तो ह्या अटीत कायमचा अडकणार?

वहीखातं

कायमचा नाही. निर्वाह कायद्याचं कलम २५ म्हणतं की परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला तर रक्कम बदलून मागता येते, मग ती हुकूमनाम्यानं (कोर्टाच्या डिक्रीनं) ठरलेली असो वा करारानं. दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे १२५ किंवा १४४ खालच्या, आदेशासाठी जुनं कलम १२७, आताचं १४६. मात्र अर्ज करायला हवा. नुसतं देणं बंद करणं म्हणजे थकबाकी वाढवणं.

कलमकसाई

धागाकर्त्यांनी १२५ आणि १४४ एका दमात लिहिलं, तिथे थोडं थांबू. जुन्या १२५(१)(ख) मध्ये ‘अज्ञान’ अपत्य असा शब्द होता. नव्या १४४(१)(ख) मध्ये तो शब्द नाही. ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ अपत्य’ एवढंच आहे. ह्यावरून उद्या कुणी म्हणेल की शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्यात बसतो.

माझ्या मते बसू नये. खंड (ग) मध्ये सज्ञान अपत्यासाठी व्यंगाची अट अजून तशीच आहे. (ख) सर्व वयांना लागू धरला तर (ग) लिहिण्याचं कारणच उरत नाही. पण युक्तिवाद उघडा आहे, हे धागाकर्त्यांच्या बाजूनं नोंदवतो.

पानसुपारी

हा मुद्दा माझ्याकडून निसटला. आभार. आता मुलींच्या बाबतीत काय चुकतं तेही कुणीतरी लिहा, तिथे हक्क असूनही पैसे बुडतात.

उंबरठा

दारच चुकतं. सप्टेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सज्ञान, धडधाकट, अविवाहित हिंदू मुलीला १२५ खाली पोटगी नाही. तिचा हक्क निर्वाह कायद्याच्या २०(३) मध्ये आहे आणि तो स्वतंत्रपणे मागावा लागतो. दंडाधिकाऱ्यासमोर २०(३) चालत नाही. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर दिवाणी न्यायालयात.

दुसरी चूक सहीची. मुलगी अठराची झाली की आईची सही चालत नाही. अर्जदार ती स्वतः, वकीलपत्र तिचं, प्रतिज्ञापत्र तिचं. स्वतःची कमाई किंवा मालमत्ता निर्वाहाला पुरत नाही हे तिनंच दाखवायचं: बँकेचे उतारे, कॉलेजचं बोनाफाईड, फीच्या पावत्या. अर्धवेळ काम करत असेल तर लपवू नये. चार हजार मिळतात म्हणून हक्क जात नाही, पण चार हजार लपवले तर उलटतपासणीत सगळं प्रकरण लंगडं होतं. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. हे पुष्कळ मुलींना माहीतच नसतं.

मागणीत लग्नाचा वाजवी खर्चही घालता येतो. कलम ३ मधल्या निर्वाहाच्या व्याख्येत अविवाहित मुलीसाठी तो धरलेला आहे. (शिक्षण आणि लग्न एकाच अर्जात मागताना वकील लग्नालाच जास्त पानं देतात, हे मात्र खटकतं.)

रोखठोक

आणि आई? सगळा धागा बापाच्या खिशात हात घालून बसलाय.

उंबरठा

कलम २० मध्ये जबाबदारी ‘त्याच्या किंवा तिच्या’ हयातीत अशी लिहिली आहे, त्यामुळे आईही बांधील. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक निकालात शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांवर ठेवलाय, पण आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यायचा. दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ६०,००० आणि ४०,००० कमावणाऱ्या जोडप्यात एक लाखाची फी साठ-चाळीस वाटणं हा सोपा हिशेब. तो मांडायला दोघांच्या पगारपावत्या मात्र समोर याव्या लागतात.

वहीखातं

थकबाकीबद्दल राहिलं. मूल सज्ञान झालं म्हणून मागची बाकी पुसली जात नाही. पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखाली वॉरंटनं वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज लागतो. ‘बारावी होऊ दे, मग बघू’ म्हणत तीन वर्षं थांबलेल्यांची आधीची दोन वर्षं ह्या मार्गानं गेलेली असतात.

देणाऱ्यांसाठीही एक. आदेशात ‘पत्नीस ८,००० आणि मुलास ५,०००’ असं वेगळं असेल तर अठरानंतर मुलाच्या ५,००० पुरता वाद होईल. पण ‘दोघांस मिळून १३,०००’ असं असेल, तर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनानं ५,००० कापू नका. कोणाचा वाटा किती हे तुम्ही ठरवायचं नाही. बदलाचा अर्ज वाढदिवसाला लागूनच टाका, जन्मदाखला जोडा आणि आदेश येईपर्यंत १३,००० भरत राहा.