पूल आधी, गाव नंतर

कुणीतरी लिहिलं होतं की इंग्लंडमधल्या आयर्नब्रिज गावाने सेव्हर्न नदीवर लोखंडी पूल बांधला. खरं तर उलटं झालं. पूल आधी उभा राहिला. गाव त्यानंतर त्याच्या टोकाशी वसलं आणि नावही पुलाचंच घेतलं.

पुलाचा आराखडा वास्तुविशारद थॉमस प्रिचर्डचा. तो 1777 मध्येच वारला, काम तडीस नेलं लोखंडाचा कारखानदार तिसरा अब्राहम डार्बी याने. 1779 मध्ये कमान चढली, 1781 च्या पहिल्या दिवशी वाहतूक सुरू झाली. ओतीव लोखंडाचा इतका मोठा पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, मग जोडायचा कसा? चक्क सुतारकामासारखा: खाच, तिच्यात बसणारं कुसू, डोव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखा पसरट सांधा) आणि वर ठोकलेल्या पाचरी! जवळून पाहिलं की हे सांधे स्पष्ट दिसतात. लोखंड गरजेपेक्षा बरंच जास्त वापरलंय, पण 1795 च्या महापुरात सेव्हर्नवरचे कितीतरी पूल कोलमडले आणि हा जागचा हलला नाही.

टोलनाक्यावरची पाटी तर आपल्याकडच्या टोलनाक्यांवर लावावी अशी आहे. ड्यूटीवरचा सैनिक असो, टपालगाडी असो की राजघराणं, टोल कुणालाच माफ नव्हता! 1934 पासून गाड्या बंद, आता फक्त चालत जाता येतं.