लिंग बदलणाऱ्या माशांमध्ये दूर कोण जाते, नर की मादी?

खानापूरची विद्यार्थिनी:
मी बेळगावात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे आणि पुढील महिन्यात मला वर्गात माशांच्या हालचालींवर सेमिनार द्यायचा आहे. जन्मस्थळ सोडून दूर जाण्याकडे पक्ष्यांमध्ये माद्यांचा कल अधिक असतो आणि सस्तन प्राण्यांमध्ये नरांचा, हे शास्त्रज्ञ ग्रीनवूड यांनी १९८० मध्ये मांडलेले सूत्र आम्हाला शिकवले आहे. पण जो मासा आयुष्याचा पूर्वार्ध मादी म्हणून आणि उत्तरार्ध नर म्हणून काढतो, किंवा याच्या नेमके उलट करतो, त्याला हे सूत्र लावायचे कसे? अशा जातींमध्ये अधिक भटकंती कोण करते, याचे एकच एक उत्तर मला कुठे मिळालेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोकाकचा निवृत्त प्राध्यापक:
ताई, एकच उत्तर मिळत नाही, कारण तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या हालचाली एकत्र झाल्या आहेत. प्रवाळांत राहणारे बहुतेक मासे जन्मस्थळापासून लांब जातात ते अंड्यातून बाहेर पडल्यावर, डिंभक म्हणजे अगदी कोवळ्या पिल्लाच्या अवस्थेत, आणि लिंग बदलणाऱ्या जातींमध्ये त्या वेळी नर-मादी हे काही ठरलेलेच नसते. पापुआ न्यू गिनीतील किंबे बेटावर क्लाऊनफिशच्या पिल्लांचा माग काढला असता तिथे येऊन स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटाच्या प्रवाळावर जन्मलेली असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट ओमानच्या किनाऱ्यावरील दुसऱ्या एका जातीची काही पिल्ले ४०० किलोमीटरच्या आसपास अंतर कापून गेल्याचे जनुकीय चाचणीतून दिसले. या फरकाशी लिंगाचा संबंध नाही.

दुसरी हालचाल प्रौढ माशांची, आणि खरी गंमत तिथे आहे. क्लाऊनफिश समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन या प्राण्याच्या) आसऱ्याने राहतात; अशा एका समुद्रफुलात सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर आणि मग वीण न घालणारे लहान मासे अशी उतरंड असते. मादी मेली की नर मादी होतो आणि लहानांपैकी सर्वांत मोठा त्याच्या जागी नर बनतो. कोणालाच घर सोडावे लागत नाही, कारण समुद्रफुलाच्या बाहेर पडणे म्हणजे भक्षकाच्या तोंडी जाणे. जपानमध्ये शिकोकूच्या किनाऱ्यावर मात्र समुद्रफुले इतकी जवळजवळ आहेत की तेथील क्लाऊनफिश एकातून दुसऱ्यात सहज जातात; आणि नेमके तेथेच जोडीदार गेल्यावर लिंग बदलण्यापेक्षा शेजारचा जोडीदार गाठण्याचे प्रमाण अधिक आढळते. प्रवाळाच्या फांद्यांमध्ये राहणाऱ्या गोबिओडॉन या चिमुकल्या माशाने तर कमालच केली आहे. तो दोन्ही दिशांनी लिंग बदलू शकतो, असे १९९८ मध्ये दाखवून दिले गेले. एका प्रवाळावर दोन नर किंवा दोन माद्या एकत्र आल्या तर त्यांपैकी एक बदलते आणि जोडी जमते. थोडक्यात, जोडीदारासाठी सासरी जायचे की जिथे आहोत तिथेच बदलायचे, हा हिशेब वाटेतील धोका ठरवतो. म्हणून माझ्या मते प्रश्न उलटा मांडावा: फिरणे महाग पडते, म्हणून लिंगबदल फायद्याचा ठरतो का?

निपाणीकर, मूळचा कारवारचा:
सरांचे म्हणणे प्रवाळांपुरते पटते, पण आपल्या ताटातल्या माशाचे काय? आमचा व्यवसाय मासळीचा आहे. गोव्याकडून चोर्ला घाटाने बेळगावला येणारा चोणक, ज्याला कोकणात जिताडा म्हणतात, तो आधी नर आणि नंतर मादी असतो. विणीच्या दिवसांत आठ-दहा किलोचा मासा चिरला की पिवळी गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, हमखास निघते. दोन-तीन किलोच्या माशात मात्र कण्याला लागून पांढुरक्या चपट्या पट्ट्या दिसतात, त्या नराच्या. ऑस्ट्रेलियात हा मासा साधारण तीन ते पाच वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो आणि सहा ते आठ वर्षांच्या सुमारास मादी होतो. पिल्ले खाडीतून नदीच्या गोड्या पाण्यात वर चढतात आणि विणीसाठी खाली खाऱ्या पाण्यात उतरतात. त्यामुळे नदीच्या वरच्या भागात कोवळे मासे आणि नर, तर मोठ्या माद्या मुखाजवळ, असे चित्र दिसते. इथे तर हालचाल भरपूर आहे आणि लिंगबदलही आहे! (म्हादईचा उगम खानापूर तालुक्यात असला तरी घाट चढून जिताडा आपल्याकडे पोहत येत नाही, बर्फाच्या पेटीतूनच येतो.)

खानापूरची विद्यार्थिनी:
दादा, मग नदीत वर दिसणारा 'नर' तिथे आहे तो नर असल्यामुळे की वयाने लहान असल्यामुळे, हे ओळखायचे कसे? आणि जनुकीय पद्धतीने त्याचा उलगडा होईल का?

गोकाकचा निवृत्त प्राध्यापक:
ताई, नेमक्या जागी बोट ठेवलेत. निपाणीकरांचा मुद्दा रास्त आहे. जिताड्याच्या बाबतीत माझा 'महाग फिरण्याचा' तर्क लागू पडत नाही. तिथे मोठ्या मादीला अंडी कितीतरी अधिक घालता येतात, हेच कारण पुरते. मात्र तुमच्या शंकेचे उत्तर असे की लिंग, वय आणि आकार या तिन्ही गोष्टी या माशांत एकमेकींना चिकटलेल्या असतात. नुसते नर आणि नुसत्या माद्या मोजून त्या सुट्या करता येत नाहीत. तोच मासा खूण करून, शक्यतो ध्वनिलहरी सोडणारे यंत्र त्याच्या पोटात बसवून, बदलाच्या आधी आणि नंतर पाहावा लागतो.

जनुकीय पद्धतीवर फार विसंबू नका. एरवी पेशीतील तंतुकणिकेचा (मायटोकॉन्ड्रियाचा) डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून त्याची केंद्रकातील डीएनएशी तुलना करून माद्या आणि नर यांच्या भटकंतीतील फरक काढतात. पण आधी मादी असलेल्या माशात आजचा नर काल कोणाची तरी आई असू शकतो, तेव्हा 'हा डीएनए केवळ माद्यांचा प्रवास सांगतो' हे गृहीतकच ढिले पडते. त्यातून डिंभकांचा प्रवास इतका मोठा असतो की प्रौढांचा फरक त्यात बुडून जातो.

नर-माद्यांच्या हालचालींतील फरक स्पष्ट दिसतो तो हेकरूंच्या (ग्रूपर माशांच्या) कुळात. मेक्सिकोच्या आखातातील, आधी मादी आणि नंतर नर होणाऱ्या गॅग नावाच्या हेकरूचे नर खोल पाण्यातील विणीच्या जागेजवळच वर्षभर राहतात, तर माद्या विणीपुरत्या तिथे येतात आणि पुन्हा उथळ पाण्याकडे वळतात. मासेमारी त्या खोल जागांवर एकवटली तेव्हा नरांचे प्रमाण १९७० च्या दशकातील सुमारे १७ टक्क्यांवरून १९९० च्या दशकात २ टक्क्यांच्या आसपास उतरले. एकाच जातीतील दोन लिंगे दोन ठिकाणी राहिली तर जाळे आणि गळ नेमके एकावर कसे पडतात, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

निपाणीकर, मूळचा कारवारचा:
ही मोठ्या नरांची गोष्ट झाली. जिताड्यात मोठा मासा म्हणजे मादी, त्यामुळे तिथे मोठाच मासा उचलण्याचा तडाखा माद्यांना बसतो. गाबोळीवाल्या माशाला गिऱ्हाईक दर जास्त देते, हेही ध्यानात घ्या.

खानापूरची विद्यार्थिनी:
दोघांचे आभार. मी सेमिनारचे शीर्षक 'लिंग बदलणाऱ्या माशांतील हालचाल: लिंग, वय की आकार?' असे ठेवते आणि क्लाऊनफिश, गॅग व जिताडा हे तीनच मासे घेते. रोहू-कटला यांच्याबद्दल कोणी विचारले तर?

गोकाकचा निवृत्त प्राध्यापक:
सरळ सांगा की ते लिंग बदलत नाहीत. हिडकलच्या धरणातील मासळीवर वेगळा सेमिनार घेता येईल.